शॅडो ऑफ द अर्डट्री: लेव्हल वाढवून भागलं नाही

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलर लावून एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचा हा २०२४ चा विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा भाग, खेळत होतो. माझी लेव्हल १५०, तरी मेस्मर हा त्यातला मोठा शत्रू मला दोन-तीन फटक्यांत संपवायचा. चार दिवस लेव्हलच वाढवत राहिलो. फरक काहीच नाही.

मग धरमपेठेतल्या आतेभावाने विचारलं, "दादा, तुकडे किती लावले?"

एकही नाही!

तिथे खरं बळ गेममध्ये शोधून गोळा करायच्या स्कॅडूट्रीच्या तुकड्यांचं. साइट ऑफ ग्रेसवर, म्हणजे गेममधल्या विसाव्याच्या जागी, ते वापरले की आपला मारही वाढतो, सोसायची ताकदही. पण फक्त त्या विस्ताराच्या प्रदेशात. मिकेला या पात्राच्या क्रूसांपाशी बरेच मिळतात. दोन दुपारी नुसते क्रूस शोधत फिरलो. तिसऱ्या दुपारी मेस्मर पडला. हात अजून थरथरतोय.