जर्मन बोलायला शिकवताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

ए-१चा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, संध्याकाळचा वर्ग. चाकणच्या कारखान्यातून थेट येणारे एक काका शेवटच्या बाकावर बसायचे, विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. एका सोमवारी ‘सुट्टी कशी गेली?’ म्हटल्यावर त्यांनी आपणहून हात वर केला. ‘माइन मुटर इस्ट इम क्रांकेनहाउस.’ आई हॉस्पिटलमध्ये आहे. आणि मी काय म्हणावं? ‘माइनऽ मुटर! स्त्रीलिंगी ना?’ त्यांनी निमूटपणे ‘माइनऽ मुटर’ म्हटलं आणि खाली बसले. आई कशी आहे, हे शेजारच्या मुलीने विचारलं, तेही मराठीत. पुढचे दोन महिने काकांनी वर्गात तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून माणूस बोलत असताना मी चुका फक्त वहीत टिपते. आधी माणसासारखं उत्तर द्यायचं, ‘वी गेट एस ईअर?’, आता कशा आहेत त्या? शेवटच्या दहा मिनिटांत चार चुका फळ्यावर, कोणाचंही नाव न घेता. अर्थच उलटा होत असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबवते. लिंगाच्या चुका होणारच हो. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, पण जुळतात कुठे? आपली मुलगी ‘ती’, त्यांची ‘दास मेडशन’ नपुंसकलिंगी. चंद्र दोन्हीकडे पुरुष, सूर्य मात्र तिकडे बाई.

दुसरी चूक, पाठ केलेली ओळख. ए-१ची तोंडी परीक्षा ओळखीने सुरू होते: नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद. म्हणून पहिल्याच आठवड्यात सात वाक्यं पाढ्यांसारखी घोटून घेणारे शिक्षक आहेत. मी मध्येच ‘वी बिटऽ?’, काय म्हणालात, असं म्हणते. घोकलेला विद्यार्थी लगेच पुन्हा ‘इश हाइसऽ’ (माझं नाव) पासून सुरू! परीक्षक तर नावाची अक्षरंही विचारतात, आणि तिथे इंग्रजी घात करते. जर्मनमध्ये ‘ए’ ऐकलं की E लिहितात आणि ‘ई’ ऐकलं की I. केतकीने सवयीने ‘के-ई-टी-ए-के-आय’ म्हटलं, तर दुसरं अक्षर I आणि चौथं E. हवं होतं ‘का-ए-टे-आ-का-ई’. माझ्याकडे हजेरीच्या वेळी रोज एकजण शेजाऱ्याचं आडनाव अक्षरांत सांगतो आणि मी ऐकू येईल तसंच फळ्यावर लिहिते. आडनावाचं जे काही होतं ते बघून वर्ग हसतो, पण ती चूक सहसा परत होत नाही.

आकडे इंग्रजीतून शिकवू नका. ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’ म्हणजे एक-आणि-वीस, आपलं एकवीसच. मराठी मुलांना हे आयतं मिळालंय, ते कशाला घालवता?

जोडीने बोलायला लावताना दोघांच्या हातात एकच कागद देऊ नका. उत्तर समोर दिसत असताना कोण कशाला विचारेल? एकाकडे गाडीची वेळ, दुसऱ्याकडे फलाट, एवढंही पुरतं.

प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊ नका. शांतता शिक्षकालाच जास्त टोचते.

‘तीन महिन्यांत बी-१’ (म्हणजे तिसरी पातळी) अशी जाहिरात बघून येणाऱ्यांना मी जर्मन शिकवणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटचा अंदाज सांगते: शून्यापासून बी-१ला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका. रोज दोन, एकही सुट्टी न घेता, तरी सहा महिने ते जवळजवळ वर्ष. निम्मे तिथूनच परत जातात. जाऊ देत.

आणि शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहू देऊ नका. (इथे मी लिहिलेत, पण हे वाचायला आहे, बोलायला नाही.) Ü वर ‘यू’ लिहिलं की तो जन्मभर ‘यू’च राहतो. जीभ ‘ई’ची, ओठ ‘ऊ’चे, एवढंच सांगा आणि हातात आरसा द्या. माझ्या पर्समध्ये दोन असतात.