फ्लॅटमध्ये जेन आणि घोंगडी: निवड, अंथरणं आणि पावसाळ्यातली निगा

ठाणे, नवी मुंबईकडे लोकरीचं जेन (न विणता, लोकर दाबून केलेलं जाड बसकर) टिकत नाही, अशी तक्रार साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. कुबट वास येतो, कडेला बारीक भोकं दिसतात आणि जेनाची रवानगी माळ्यावर होते. यात लोकरीचा दोष नाही. देशावरच्या कोरड्या हवेतली वस्तू खाडीकाठी आणली की तिला रोज वारा लागतो. तो न देता प्लॅस्टिकमध्ये बांधून दिवाणात कोंबली की ती खराब होणारच. पंख्याखाली रोजच्या वापरात असलेलं जेन मात्र वर्षानुवर्षं टिकतं.

जेन घ्यायचं की घोंगडी

घोंगडी विणलेली असते. लोकर पिंजून, सूत कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ती मागावर विणतात. जेनात सूतच नसतं. पिंजलेल्या लोकरीचे थर आडवे-उभे पसरायचे, पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून हातापायांनी दाबत लाटायचं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. दाबून घोळवलं की ते एकमेकांत अडकतात आणि थरांची एकसंध चादर होते. दोन्हींना दख्खनी मेंढीची राठ लोकर लागते. अंगावर टोचणारी ही लोकर पायाखाली मात्र उत्तम, कारण ती लवकर दबून चपटी होत नाही.

फ्लॅटसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. जेन कात्रीने कापता येतं, उसवत नाही. खिडकीच्या कट्ट्याला किंवा बाकड्याला हव्या त्या मापाचा तुकडा काढा. घोंगडी कापली की कडेपासून सुटत जाते, म्हणून ती आहे त्या मापातच वापरायची. जमिनीवर बसायला जेन. दिवाणावर पसरायला, सोफ्याच्या पाठीवर टाकायला किंवा गादीखाली घालायला घोंगडी. चाकांच्या खुर्चीखाली दोन्ही नकोत, चाकं फिरून तंतू उपटून काढतात.

माप घेताना मांडी घालून बसणाऱ्या एका माणसाला २ फूट रुंदी धरा. ३ बाय ६ फुटांवर तिघं ऐसपैस बसतात. हाताने केलेल्या जेनाचं माप इंच-दोन इंच कमी-जास्त होतंच, त्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत बेतून मागवू नका. चारही बाजूंनी वीतभर फरशी मोकळी ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. जेन तिला टेकलेलं असेल तर ती कड आधी कुजते. जुन्या सिडको इमारतींच्या तळमजल्यावर हे विशेष सांभाळा.

विकत घेताना काय तपासायचं

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये किंवा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या हस्तकला प्रदर्शनांत चौकशी करा. थेट मागवायचं असेल तर कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कारागिरांकडून मागवा. घोंगडी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी लोकरीच्या नसतात. जुन्या कपड्यांच्या धाग्यांपासून यंत्रावर केलेली ब्लँकेटं दिसायला तशीच असतात. कडेचे दोन-चार तंतू उपटून चिमट्यात धरा आणि पेटवा. लोकर सावकाश जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र धाग्यात वास केसांचा आणि उरतो मणी, असंही दिसतं. तेव्हा एकाच कोपऱ्यातले तंतू जाळून निकाल लावू नका, दोन-तीन ठिकाणचे घ्या.

जेनाची खरी परीक्षा चिमटीत असते. मधल्या भागात दोन बोटांनी पृष्ठभाग धरा आणि वर ओढा. पुंजका हातात आला तर लाटणं कमी पडलंय. ते जेन सहा महिन्यांत गुठळ्या सोडेल. कड नखाने उकलून पाहा, थर पापुद्र्यासारखे सुटत असतील तर तेच. मग उजेडासमोर धरा. विरळ जागा लगेच दिसतात आणि पहिलं भोक तिथेच पडतं. दोन-चार ठिपके चालतात, मधोमध मोठा विरळ पट्टा असेल तर घेऊ नका. ३ बाय ६ फुटांचं, बोटभर जाडीचं जेन साधारण ३ ते ४ किलो भरतं. फारच हलकं लागलं तर लोकर कमी घातली आहे.

काळा रंग मेंढीचा आहे की डब्यातला, हे पांढरं ओलं फडकं जोरात घासून कळतं. नैसर्गिक काळी लोकर रंग सोडत नाही. उन्हात तिची टोकं तांबूस होतात, तो दोष नव्हे. थोडा काडीकचरा, एखादं कुसळ असणारच, हाताने वेचून टाका.

या खरेदीला आणखी एक बाजू आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ म्हणून कापडाच्या गिरण्यांना नको असते, आणि मेंढपाळाला लोकरीचा भाव कातरणीची मजुरी भरून निघण्याइतकाही मिळेनासा झाला आहे. मांसासाठी कमी लोकरीच्या माडग्याळ जातीकडे कळप वळत आहेत. कातरलेली काळी लोकर माळावर पडून राहण्याऐवजी जेनात जाते ती फक्त गिऱ्हाईक असलं तरच. म्हणून यंत्रावरच्या नकलेला हातच्या कामाचा भाव देऊ नका आणि खऱ्या जेनावर घासाघीस करू नका.

घरी आणल्यावर

नव्या जेनाला मेंढीचा चरबट वास असतो. अत्तर, स्प्रे काही मारू नका. रोज तास-दोन तास खिडकीशी उभं करा, दोन आठवड्यांत वास बसतो. घोंगडीत खळ राहिलेली असते, त्यामुळे ती ताठ वाटते. दमट हवेत या खळीवरच बुरशी धरते आणि चंदेरी कसर (सिल्व्हरफिश) जमते. घरात कायम पसरायची असेल तर एकदा गार पाण्यात बुडवून, दाबून, खळ काढून टाका. ताठपणा जाईल, पण इकडच्या हवेत हा सौदा फायद्याचा आहे.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर जेन सरकतं. घरात म्हातारी माणसं असतील तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. खाली रबराची जाळीदार चटई घाला, चारही बाजूंनी इंचभर आत राहील अशी कापून. सलग रबर किंवा रेक्झिन नको, खालची हवा कोंडते आणि फरशीला दव धरतं. जाड सुती सतरंजीही चालते. दर आठवड्याला जेन उचला, खालची फरशी कोरड्या फडक्याने पुसा आणि जेन उलटं अंथरा. दहा मिनिटांचं हे काम कसर (लोकर खाणारी अळी) आणि बुरशी दोन्ही अडवतं.

घोडबंदर रोड किंवा खारघरच्या नव्या इमारतींतल्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो. तिथे एक जेन जमिनीवर आणि एक समोरच्या भिंतीवर टांगलं की बोलणं स्पष्ट ऐकू येतं. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर मात्र याने थांबत नाही, त्यासाठी कुणी विकत असेल तर घेऊ नका. भिंतीवर टांगताना मागे दोन लाकडी पट्ट्या देऊन बोटभर फट ठेवा.

पावसाळा

लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाफ शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. फसगत इथेच होते. जुलैत जेन कोरडं वाटतं आणि आतून भरलेलं असतं. खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असणं नेहमीचं आहे. साधा आर्द्रतामापक भिंतीला लावून ठेवा. आकडा चढला की जेन दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकून रात्रभर पंखा लावा. एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास द्या. पावसाचे शिंतोडे येणाऱ्या गॅलरीत चार महिने जेन ठेवूच नका.

गुंडाळून ठेवणं भागच असेल तर आधी स्वच्छ आणि खडखडीत कोरडं करा. घडी घालू नका, घडीवर तंतू मोडतात. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळी करा आणि पलंगाखाली नव्हे तर उंच फळीवर ठेवा. उघडीप मिळाली की पंधरा दिवसांनी एकदा सोडा. पांढरट बुरशी दिसली तर घरात झटकू नका, गच्चीवर नेऊन कोरड्या ब्रशने काढा, १ भाग व्हिनेगर आणि ४ भाग पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा आणि ऊन दाखवा.

कसर

भोकं पाडतो तो पतंग नव्हे, त्याची अळी. तिला अंधार, शांतता आणि मळ लागतो. घामाचे, चहाचे, खाऊचे डाग असलेली जागा ती आधी खाते. म्हणून सोफ्याच्या पायाखाली दबलेला, महिनोन्‌महिने न हललेला कोपरा आधी तपासा. रेतीसारखे बारीक कण, रेशमी नळ्या किंवा खरडल्यासारखे पट्टे दिसले तर ती आली आहे. कडुनिंबाच्या पाल्याचा उपयोग थोडाच. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच काम करतात, उघड्या खोलीत नुसता वास. तान्हं बाळ असलेल्या घरात त्या आणूच नका.

उष्णतेने अळी आणि अंडी दोन्ही मरतात. एप्रिल-मेमध्ये पूर्ण कोरडं जेन काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात बंद करून सकाळी अकराला गच्चीच्या फरशीवर ठेवा. स्वयंपाकातला सुईवाला थर्मामीटर आत खुपसा. आतलं तापमान ५५ अंशांवर तासभर राहिलं पाहिजे. मग उलटून पुन्हा तासभर. नुसतं उघडं ऊन दिलं तर अळ्या सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून बंद कागद हवा. लहान आसन असेल तर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. नंतर व्हॅक्यूम करा, फिरता ब्रश काढून फक्त ओढ वापरा, आणि पिशवीतला कचरा त्याच दिवशी घराबाहेर टाका. जेन असलेली खोलीही कडाकोपऱ्यांतून झाडून घ्या, नाहीतर तीच कसर परत येते.

डाग आणि धुणं

सांडलं की सुती फडक्याने वरून दाबा. घासलं की तिथली लोकर आवळून गोळा होते. तेलावर बेसन पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. हळदीला साबण लावू नका, क्षाराने ती लाल होते. साध्या पाण्याने टिपा आणि उन्हात ठेवा, पिवळेपणा उन्हाने उडतो. देवघरातल्या आसनावर कुंकू सांडलं तर आधी कोरडंच व्हॅक्यूम करा, पाणी लागलं की रंग धरला.

सगळं जेन वर्षातून एकदा धुतलं तरी पुरे, तेही मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. वॉशिंग मशीन, गरम पाणी, धुण्याची पावडर यांतलं काहीही नको. गरम पाणी, क्षार आणि घुसळण एकत्र आली की खवले आणखी अडकतात आणि जेन आटतं. ब्लीच तर लोकर विरघळवतं.

१०० ग्रॅम रिठे फोडून २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मोठ्या टबात २० लिटर साध्या पाण्यात हे मिसळा. आधी नीट झटकलेलं जेन २० मिनिटं बुडवा आणि तळपायांनी जागच्या जागी दाबा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. तीन पाण्यांत खंगाळा, तीनही पाणी त्याच तापमानाचं हवं. शेवटच्या १० लिटरमध्ये २ चमचे व्हिनेगर घाला. भिजलेलं जेन १० किलोच्या पुढे जातं, एकट्याने उचलू नका. जुन्या टॉवेलांत गुंडाळून त्यावर उभं राहा, बरंच पाणी उतरेल.

दोरीवर टांगलं तर स्वतःच्या वजनाने लांबून मधे विरळ होतं. भाजीवाल्यांकडचे ६-७ प्लॅस्टिक क्रेट गच्चीवर उलटे जोडून ठेवा आणि त्यावर सपाट पसरा, खालून वारा लागतो. सकाळी आठच्या आत सुरुवात केली तर दोन दिवसांत वाळतं. संध्याकाळी दव पडायच्या आत खाली आणा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत धुऊ नका, आतून वाळणार नाही.

दुरुस्ती

कोपरे उसळले की दाभणात जाड सुती दोरा ओवून कडेने काजाचा टाका घाला, अर्धा इंच आत आणि बोटभर अंतरावर. ताणू नका, कड चुरगळते.

विरळ जागेला ठिगळ लागतं. पिंजलेली लोकर जेन घेतानाच मूठभर मागून ठेवा. ती जागा तारेच्या ब्रशने आधी खरखरीत करा. ही पायरी गाळली तर ठिगळ सालीसारखं निघून येतं. लोकरीचे पातळ थर एक आडवा, एक उभा असे चार-पाच द्या, भोकापेक्षा दोन बोटं मोठे. वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका, किंचित साबणाचं कोमट पाणी शिंपडा आणि तळहाताने गोल गोल घोळवा. पहिली पाच मिनिटं हलक्या हाताने, मग जोर लावून आणखी दहा. जाळी उचलून पाहा, तंतू जाळीतून वर येत असतील तर दिशा बदला. साबण काढून सपाट वाळवा आणि ठिगळाच्या कडेने दाभणाचा एक फेर घाला.

फारच झिजलेल्या जेनाचे चांगले भाग कापून दीड-दोन फुटांची आसनं काढा. उरलेले न रंगवलेले तुकडे गोल कापून, मधे खाच देऊन, गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये मातीवर पसरा. उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात आणि हळूहळू कुजताना झाडाला नायट्रोजन देतात.