माणूस समोर नसताना सर्व्हरचे फर्मवेअर बदलणे: नेटवर्क बूटची मांडणी

रॅकमधल्या चाळीस सर्व्हरचे फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर), म्हणजे यंत्र सुरू करणारे बायोस आणि यंत्र दुरून हाताळू देणाऱ्या बीएमसी या छोट्या नियंत्रकाचे फर्मवेअर, एकेक पेनड्राइव्ह लावून बदलायला घेतले, तर शेवटच्या यंत्रापर्यंत पोहोचेतो कोणावर कोणती आवृत्ती चढली याचा हिशेब हातात राहत नाही. नेटवर्क बूट (यंत्र डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करणे) वापरून हेच काम रात्री, कोणीही हजर नसताना करता येते. अर्धवट लिहिलेले बायोस यंत्र कायमचे बंद पाडू शकते, म्हणून या मांडणीत मी सर्वाधिक वेळ एकाच प्रश्नावर घालवतो: यंत्राने फर्मवेअरला हात कधी लावू नये?

सुरुवात नेटवर्कपासून करावी. पीएक्सई या नेटवर्क बूटच्या प्रमाणित पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत यंत्र डीएचसीपीचे (नेटवर्कवर पत्ता आणि बूटची माहिती देणाऱ्या सेवेचे) जे उत्तर प्रथम मिळेल ते खरे मानून चालते, त्यामुळे या कामासाठी वेगळे व्हीलॅन (स्वतंत्र आभासी नेटवर्क) ठेवावे आणि त्यात दुसरा कोणताही डीएचसीपी सर्व्हर नाही याची खात्री करून घ्यावी. लहान मांडणीला डीएनएसमास्क हे छोटे डीएचसीपी सर्व्हर सॉफ्टवेअर पुरेसे होते. यंत्र जुन्या बायोस पद्धतीचे आहे की तिची जागा घेणाऱ्या यूईएफआयचे, हे डीएचसीपीच्या ९३व्या पर्यायातून कळते (बायोससाठी ० आणि ६४-बिट यूईएफआयसाठी सहसा ७), आणि त्यानुसार आयपीएक्सई या नेटवर्क बूट प्रोग्रॅमची योग्य फाइल द्यावी. सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेली फाइल सुरूच होणार नाही. अशा यंत्रांसाठी स्वाक्षरी केलेल्या शिम आणि ग्रब या बूट लोडरांचा मार्ग घ्यावा.

टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने फक्त ही छोटी फाइल पाठवावी. मूळ टीएफटीपीत ५१२ बाइटांचा एक तुकडा जातो, त्याची पोच येते आणि मगच पुढचा तुकडा निघतो. तुकड्याचा क्रमांकही १६ बिटांचा असल्याने तो पुन्हा शून्यावर येण्याआधी जेमतेम ३२ एमबी पाठवून होतात. त्यामुळे कर्नल, लाइव्ह प्रणाली (डिस्कवर न बसवता चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि फर्मवेअरच्या फाइली एचटीटीपीवरूनच द्याव्यात. आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा डीएचसीपी मागते. तेव्हा विनंतीतला यूजर क्लास (ती कोणाकडून आली याची खूण) पाहून तिला ओळखावे आणि स्क्रिप्टचा पत्ता द्यावा, नाहीतर ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा उतरवत बसेल.

स्क्रिप्ट यंत्राचा सीरियल नंबर एचटीटीपी सर्व्हरला कळवते आणि सर्व्हर आपली यादी पाहून उत्तर देतो. सीरियल यादीत नसेल, यादी वाचता आली नाही किंवा काहीही अनपेक्षित घडले, तर यूईएफआय यंत्राला मिळणारे उत्तर एकच असावे: आयपीएक्सईमधून बाहेर पड आणि बूट क्रमातल्या पुढच्या डिस्कवरून सुरू हो. हा नियम सर्वांत आधी लिहावा आणि यादी मुद्दाम रिकामी ठेवून तपासावा.

सीरियल यादीत असेल, तर यंत्र लाइव्ह प्रणाली सुरू करते. ती पूर्णपणे रॅममध्ये उतरणारी असावी, म्हणजे फ्लॅश (नवे फर्मवेअर लिहिणे) चालू असताना नेटवर्क गेले तरी काम अडत नाही. तिच्यातली स्क्रिप्ट डीएमआयडीकोड या साधनाने मॉडेल आणि बायोसची आवृत्ती वाचते. इथे मी एकदा चांगलाच फसलो आहे. एका ठिकाणी यंत्रांवर २.९ ही आवृत्ती होती, चढवायची होती २.१०, आणि माझी स्क्रिप्ट दोन्हींची तुलना अक्षरांप्रमाणे करत होती. अक्षरांच्या क्रमात ९ हा १च्या नंतर येतो, त्यामुळे प्रत्येक यंत्राने आपण आधीच पुढे असल्याचे कळवले, आणि अहवालात सगळे ठीक दिसत असल्याने काहीच बदलले नाही हे लक्षात यायला बरेच दिवस गेले. तेव्हापासून मी लहानमोठेपणा पाहतच नाही. आवृत्ती नेमकी हवी तीच असेल, तर यंत्र डिस्ककडे जाते. जिच्यावरून थेट उडी घेता येते हे मी आधी तपासले आहे अशा आवृत्त्यांच्या यादीत ती असेल, तर फ्लॅश होते. तिसरे काहीही आढळले, तर यंत्र काही न बदलता तसे कळवते. काही मॉडेलांना मधली एखादी आवृत्ती चढवल्याशिवाय नवी घेता येत नाही, त्यांचीही सोय यातच होते.

प्रत्यक्ष फ्लॅशपूर्वी फाइल रॅममध्ये घेऊन तिचा एसएचए-२५६ (फाइल बिघडलेली नाही हे दाखवणारा ठसा) जुळवावा, बायोसच्या सेटिंगांची प्रत सर्व्हरवर पाठवावी आणि बीएमसीचा वॉचडॉग (यंत्र अडकलेले वाटल्यास रीसेट करणारा टायमर) बंद करावा, कारण त्याने ऐन लिहिण्याच्या वेळी यंत्र रीसेट केले तर पुढचे सांगायला नको. ‘इतक्या मिनिटांत संपले नाही तर प्रक्रिया मारा’ अशी मर्यादाही इथे घालू नये. उत्पादकाच्या साधनाचा एक्झिट कोड (काम संपताना ते देते तो आकडा) त्याच्या पुस्तिकेतून वाचून घ्यावा: डेलच्या अपडेट पॅकेजमध्ये २ म्हणजे काम झाले, आता रीबूट हवे; शून्य नाही म्हणून त्याला अपयश समजणारी स्क्रिप्ट चांगले यंत्रही सदोष ठरवते.

किती प्रयत्न झाले याची मोजणी यंत्रावर न ठेवता सर्व्हरवर ठेवावी आणि फ्लॅश सुरू होण्याच्या आधीच ती वाढवावी. असे केले नाही, तर आवृत्ती न बदलणारे एखादे यंत्र रात्रभर फ्लॅश आणि रीबूट करत राहते. मी दोन प्रयत्नांनंतर यंत्र यादीतून काढतो. बीएमसी बदलल्यावर ती स्वतः रीस्टार्ट होते आणि काही मिनिटे प्रतिसाद देत नाही, म्हणून ती उत्तर देईपर्यंत बायोसला हात लावू नये. डिस्कचे एन्क्रिप्शन टीपीएम या सुरक्षा चिपला बांधलेले असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी. फर्मवेअर बदलले की टीपीएममधली मोजमापे बदलतात आणि डिस्क कुलूपबंद राहू शकते.

यंत्राला नेटवर्क बूटकडे वळवण्यासाठी बीएमसीला आज्ञा देणाऱ्या आयपीएमआयटूलने फक्त पुढच्या बूटपुरता पीएक्सई निवडावा, यूईएफआय यंत्रांवर यूईएफआय बूटचा पर्याय जोडावा आणि लगेच पॉवर सायकलची आज्ञा द्यावी, कारण साठ सेकंदांत ती आली नाही तर बीएमसी ही निवड सहसा विसरते. पहिल्या रात्री प्रत्येक मॉडेलचे एकच यंत्र घ्यावे आणि सीरियल ओव्हर लॅनचा (नेटवर्कवरून दिसणाऱ्या कन्सोलचा) सगळा मजकूर फाइलमध्ये साठवावा. सकाळी आवृत्तीबरोबर बूटचा क्रम, व्हर्च्युअलायझेशन आणि घड्याळ आधी घेतलेल्या प्रतीशी ताडून पाहावे. दुसऱ्या रात्रीची यादी करताना क्लस्टरमधली जोडीची दोन यंत्रे एकाच तुकडीत येऊ देऊ नयेत.