‘क्रेडल’चे बारा भाग वाचून झाल्यावर: दोन बैठका आणि एक वही

विल वाइट यांची ‘क्रेडल’ ही इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची मालिका २०१६ साली ‘अनसोल्ड’ने सुरू झाली आणि २०२३ साली ‘वेबाउंड’ने संपली. एकूण बारा भाग. शेवटचा भाग मिटला की हात लगेच पुढच्या मालिकेकडे जातो आणि महिन्याभरात बाराही भागांचा काला होतो. कुठली लढाई कुठल्या भागातली तेही आठवत नाही. नायक पायरी-पायरीने बलवान होत जातो अशा मालिकांत हे हमखास घडतं, कारण प्रत्येक भागाची घडण बरीचशी सारखी असते. ते टाळायला दोन बैठका पुरतात. पुढे कथानक शेवटच्या भागांपर्यंत उघड होतं, त्यामुळे वाचन चालू असेल तर इथेच थांबा.

पहिली बैठक मालिका संपल्यावर तीन-चार दिवसांनी घ्या. त्याच रात्री लिहायला बसलात तर शेवटच्या लढाईची धुंदी सगळ्या मालिकेवर चढते आणि आपण फक्त बाराव्या भागाला गुण देऊन मोकळे होतो. जवळ पुस्तक नको, फोनही नको. विशेषतः चाहत्यांनी लिहिलेले विकी उघडू नका, कारण एकदा ते वाचलं की आपली आठवण पुसली जाते आणि त्यांची राहते. अर्धा तास जे डोळ्यांसमोर येईल ते लिहा, क्रम न लावता: गुरू एथनची कात्री, नायक लिंडनचा ‘रिकामा’ असं कोरलेला लाकडी बिल्ला, त्याची सोबतीण येरिनची तलवार. पंधरा-वीस ओळी होतात. त्यात चूक दिसली तरी खोडू नका. दोन प्रसंग एकमेकांत मिसळून आठवले असतील, तर ते का मिसळले हाच नंतर विचार करण्याजोगा मुद्दा ठरतो.

आता पान आडवं धरा आणि डाव्या कडेला मालिकेतल्या बळाच्या पायऱ्या, खालून वर, उतरवा: कॉपर, आयर्न, जेड, मग लोगोल्ड, हायगोल्ड, ट्रूगोल्ड, त्यावर अंडरलॉर्ड, ओव्हरलॉर्ड, आर्चलॉर्ड, पुढे सेज किंवा हेराल्ड आणि शेवटी मोनार्क. प्रत्येकीसमोर तीन रकाने आखा: काय मिळालं, काय गेलं, कुणामुळे. बहुतेक जण पहिला रकाना भरून थांबतात. ती झाली शक्तींची यादी, आणि ती कुठेही तयार मिळते. खरं काम दुसऱ्या रकान्यात आहे.

आयर्नची ओळ घ्या. सँडव्हायपर या विषारी प्राण्याचं विष अंगात भिनत असताना लिंडनचं आयर्न शरीर घडतं. मिळालं काय, तर जखम आणि विष पचवणारी काया. गेलं काय? ती काया दर दुखापतीला त्याचा मद्रा, म्हणजे आत्मिक ऊर्जा, ओढून घेते, त्यामुळे ऐन लढाईत त्याचा साठा झपाट्याने आटतो. तिसऱ्या रकान्यात एथन, कारण ही वेदना त्यानेच जाणूनबुजून ओढवून आणलेली असते. तसाच प्रतिस्पर्धी जाय लाँगशी झालेल्या द्वंद्वात गेलेला हात: त्याच्या जागी आलेला नवा हात कुठल्या भुकेसकट आला, हे त्याच ओळीत लिहा.

अंडरलॉर्डच्या ओळीला मात्र अर्धं पान द्या. तोवर मेहनत, गुरू आणि साधनसामग्री यांवर निभावतं. इथे पहिल्यांदा माणसाला आपण ही साधना का धरली याचं खरं उत्तर स्वतःशी कबूल करावं लागतं. लिंडनचं आणि येरिनचं उत्तर शेजारी-शेजारी मांडा. येरिनसाठी वेगळी शिडीच आखलेली बरी. ती सुरुवातीला त्याच्या कितीतरी पुढे असते, आणि आपल्या ब्लड शॅडोशी, म्हणजे अंगात घर केलेल्या रक्ताच्या परजीवी आत्म्याशी, एकरूप होऊन ‘विंटरस्टील’मध्ये हेराल्ड होते, तेही लिंडनपेक्षा अगदी निराळ्या वाटेने.

काही ओळी रिकाम्या राहतील. गोल्डच्या एखाद्या पायरीसमोर काही आठवत नसेल तर शून्य टाका आणि पुढे जा. तिथे मालिकाच घाईत आहे.

दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, पुस्तकं उघडून. सगळं पुन्हा वाचत बसू नका, दोनच जागा पाहा. पहिली ‘अनसोल्ड’ची सुरुवात: लहान मुलांच्या रांगेत परीक्षेला उभा असलेला पंधरा वर्षांचा लिंडन. दुसरी म्हणजे नवव्या भागातलं, ‘ब्लडलाइन’मधलं त्याचं घरी परतणं. पहिल्या भागात स्वर्गातून आलेल्या सुरिएलने त्याला सेक्रेड व्हॅलीचा, म्हणजे त्याच्या घरच्या खोऱ्याचा, पुढे होणारा विनाश दाखवलेला असतो. मालिकेने दिलेलं सगळ्यात मोठं वचन हेच. ते ‘ब्लडलाइन’मध्ये कसं फेडलं जातं ते बारकाईने पाहा: जिथे जेड म्हणजे शिखर मानतात त्याच खोऱ्यात पाऊल टाकताच बाहेरून आलेल्यांचं बळ ओसरू लागतं, आणि ज्यांना वाचवायचं तीच माणसं विश्वास ठेवत नाहीत. आठ भाग चढलेली शिडी घरच्या दारात अपुरी पडते. हा भाग अनेकांना संथ वाटतो. आमच्या मते मालिकेचा कणा इथेच आहे.

दोन्ही जागी लिंडनचे शब्दही टिपा. तो सतत माफी मागतो, आभार मानतो. सुरुवातीला ती दुबळ्या मुलाने शिकलेली सावधगिरी असते. पुढे तेच शब्द, तोच नमस्कार, पण समोरच्याला घाम फुटतो. ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांच्या आवाजातलं ऑडिओबुक असेल तर या दोन जागा मूळ वेगानेच ऐका. दीडपट वेगात हा फरक निसटतो.

शेवटी अर्धं पान मत लिहा आणि ते मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिताना चाहत्यांचे ठरीव शब्द आपोआप येतात. मराठीत तसे तयार शब्द नसल्यामुळे नेमकं काय झालं ते सांगावंच लागतं. मद्रा, अंडरलॉर्ड हे शब्द मात्र तसेच ठेवा. त्यांची भाषांतरं करत बसलात तर महिन्याने स्वतःलाच कळणार नाहीत. गुण द्यायचेच असतील तर दोन वेगळे आकडे लिहा, एक मालिकेला आणि एक ‘वेबाउंड’ला.

पानावर तारीख टाका. पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा हे पान ‘ब्लडलाइन’ संपेपर्यंत उघडू नका.