स्पिंडल सुरू होताच ‘अलार्म १’: घरगुती सीएनसी राउटरवर चाललेला उपाय

माझ्या राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने कोरणारं मशीन) आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड आणि मशीन चालवणारं जीआरबीएल १.१ हे सॉफ्टवेअर. स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) बंद असताना मशीन अगदी नीट चालायचं. स्पिंडल फिरला की लिमिट स्विचला (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा स्विच) काहीही न लागता ‘अलार्म १’, म्हणजे लिमिट लागल्याचा इशारा, येऊन काम अर्ध्यात थांबायचं. ट्युटोरियलचं शूटिंग दर वेळी तिथेच अडायचं, फार वैताग आला.

यूएसबी केबल बदलली, फरक नाही. जीआरबीएलचं $२६ सेटिंग (स्विचचा सिग्नल स्थिर होईपर्यंत थांबायची वेळ) वाढवून उपयोग नाही, ते फक्त होमिंगपुरतं, म्हणजे मशीन सुरुवातीची जागा शोधतं तेवढ्यापुरतं असतं. $२१=० करून लिमिटचा अलार्म बंद केला तेव्हा तो गेला, म्हणजे विजेचा गोंधळ (नॉइज) लिमिटच्या वायरमधलाच.

मग या क्रमाने केलं: वीज पूर्ण बंद. लिमिटच्या वायर स्पिंडल आणि मोटरच्या वायरपासून वेगळ्या नेल्या, शील्डेड केबल वापरून तिची जाळी फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंडला जोडली. स्विचचं कनेक्शन एनओवरून (एरवी उघडं) एनसीवर (एरवी जोडलेलं) घेतलं, एका अक्षावरचे दोन्ही स्विच सिरीजमध्ये. बोर्डाजवळच सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (वर १०४ छापलेला) आणि सिग्नल ते ५ व्होल्ट ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. सिग्नल ५ व्होल्टवर धरून ठेवणारा बोर्डाच्या आतला रेझिस्टर (पुल-अप) फार कमजोर असतो. शेवटी $५=१ (एनसी स्विचसाठी सिग्नल उलटा वाचायला) आणि $२१=१ (लिमिटचा अलार्म परत चालू).

स्पिंडल चालू-बंद करून पाहिला, अलार्म नाही. स्विच हाताने दाबला, लगेच आला. व्हिडिओत कपॅसिटरचं सोल्डरिंग जवळून दाखवलंय.