विद्वानाच्या ग्रंथसंग्रहातून विज्ञानाचा माग कसा काढावा

अठराव्या शतकातील युरोपीय विज्ञान दूरदेशी कसे पोहोचले, हे शोधायचे असेल तर एखाद्या अभ्यासकाचा खासगी ग्रंथसंग्रह निवडावा. मराठी वाचकाला तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांचा, आज सरस्वती महाल ग्रंथालयात असलेला संग्रह सर्वांत जवळचा ठरेल.

आधी सूची मिळवावी आणि प्रत्येक ग्रंथापुढे भाषा, मुद्रणस्थळ व प्रकाशनवर्ष टिपून घ्यावे. मात्र प्रकाशनाचे वर्ष म्हणजे ग्रंथ तंजावरात आल्याचे वर्ष नव्हे. या संग्रहातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ १७८९ मध्ये निघाला, तर सरफोजी गादीवर आले १७९८ मध्ये. त्यामुळे तो केव्हा व कोणामार्फत आला, हे पत्रव्यवहारातच शोधावे लागते. त्यांच्यासाठी लंडनमध्ये पुस्तके खरेदी करणाऱ्या विल्यम टॉरिन यांची पत्रे याच ग्रंथालयात आहेत.

मग ग्रंथ प्रत्यक्ष हाताळावा. त्या काळी पुस्तकांतील छापील कागदांच्या घड्या पुष्कळदा कडेला न कापताच विकल्या जात, म्हणून जोडलेली राहिलेली पाने त्या प्रतीत बहुधा कोणी वाचलेली नाहीत, असे समजावे. दुमडलेला कोपरा सरळ करू नये: न्यूटन पानाचा कोपरा असा दुमडत असे की त्याचे टोक नेमक्या हव्या त्या शब्दावर येई. मालकाच्या सहीवरून केवळ मालकी कळते. वाचनाला बाहेरची साक्ष लागते, आणि येथे ती आहे. १८२६ मध्ये तंजावरला आलेले कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर यांनी लिहिले आहे की राजे फूरक्र्वा, लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्युफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतात. पाहुण्याने केलेली यजमानाची स्तुती थोडी वजा करूनच घ्यावी, तरीही ही नावे केवळ शिष्टाचारापोटी सुचणारी नाहीत.

सर्वाधिक वेळ मात्र पुढच्या प्रश्नाला द्यावा, कारण माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे: कपाटातले ज्ञान बाहेर कोणाकडे गेले? सरफोजींच्या धन्वंतरी महाल या चिकित्सालयातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह उपलब्ध आहेत. त्यांच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी पुस्तके छापली गेली. त्यांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. नकाशांतली माहिती थेट रंगभूमीवर, तीही मराठीत, आलेली पाहून फार आनंद होतो. अशा प्रत्येक कृतीमागे संग्रहातला कोणता ग्रंथ असू शकेल, हे जुळवून पाहावे, आणि पुरावा नसेल तेथे तसे स्पष्ट नोंदवावे.

शेजारच्या कपाटांतील संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितेही वगळू नयेत. राजांनी दोन्ही परंपरा एकत्र जोपासल्या, त्यामुळे नुसती युरोपीय यादी अर्धेच चित्र दाखवते. दरबारी कागदपत्रांपैकी पुष्कळशी मोडी लिपीत आहेत, तेव्हा तंजावरला जाण्यापूर्वी मोडी वाचायला शिकून घ्यावे.