विंडोज ११ वर जाताना जुने प्रोग्राम आणि जुना मराठी मजकूर कसा न्यावा

विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तरीही अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची डीटीपी केंद्रे, पेठांमधले छोटे छापखाने, करसल्लागारांची कार्यालये आणि सोसायट्यांचे हिशेब लिहिणारी मंडळी यांच्यापैकी अनेकांचे काम अजून जुन्याच यंत्रावर चालते. त्यामागे सबळ कारण आहे. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे टाकणे कोणालाही जमते, परंतु ती फाइल उघडणारा प्रोग्राम, तिच्यातला फाँट आणि त्या प्रोग्रामचा परवाना या तिन्ही गोष्टी सोबत गेल्या नाहीत, तर नव्या यंत्रावर फाइल असूनही मजकूर हाती लागत नाही. म्हणून हे स्थलांतर फाइलींपासून सुरू न करता प्रोग्रामांच्या यादीपासून सुरू करावे.

त्याआधी आहे तेच यंत्र चालेल का, हे पाहून घ्यावे. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची (यंत्र सुरू होताना फक्त विश्वासू प्रणालीच चालू देण्याची) सोय आणि टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम हे सर्व तपासून सांगतो. टीपीएम काही वेळा केवळ बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते, तेव्हा ‘यंत्र चालणार नाही’ असे उत्तर आले तरी लगेच नवे यंत्र घेऊ नये. मात्र बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे, त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा क्रमांक) कागदावर उतरवून घ्यावी आणि तेवढ्यापुरते बिटलॉकर स्थगित करावे, कारण ही रिकव्हरी की हाताशी नसेल आणि डिस्कने ती मागितली, तर आतला सारा मजकूर अडकून पडतो.

यादी करताना प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याची आवृत्ती, इन्स्टॉलर कोठे आहे, परवाना कसा आहे आणि डेटा कोणत्या फोल्डरमध्ये साठतो, हे लिहावे. ‘प्रोग्राम फाइल्स’ हा फोल्डर नव्या यंत्रावर जसाच्या तसा उचलून ठेवल्याने बहुतेक प्रोग्राम चालत नाहीत, कारण त्यांच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) असतात. डेटाही नेहमी ‘डॉक्युमेंट्स’मध्येच सापडेल असे नाही. टॅलीचा डेटा, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल आणि लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरातली माहिती हमखास विसरली जाते. टॅलीचा परवाना जुने यंत्र फॉरमॅट करण्याआधी इंटरनेट जोडून सरेंडर करावा, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवून घ्यावा. डिजिटल सही असलेल्या टोकनचा आणि सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (परवान्यासाठी यंत्राला जोडायच्या छोट्या उपकरणाचा) विंडोज ११ वर चालणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) उत्पादकाकडून आधीच मिळवावा, कारण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर विंडोज ११ लोड होऊ देत नाही. १६-बिट, म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले, प्रोग्राम तर विंडोज ११ वर मुळीच चालत नाहीत, कारण ही प्रणाली केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते.

आता सर्वांत नाजूक भाग. सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलरचे श्रीलिपी ही दोन्ही पुण्यातल्याच संस्थांची मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअरे, आणि येथील छपाईचा फार मोठा साठा त्यांच्या जुन्या फाँटांमध्ये आहे. या फाँटांत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक फाँटमालिकेत वेगळे असते. त्यामुळे फाँट नसलेल्या यंत्रावर असा मजकूर रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या निरर्थक ओळींसारखा दिसतो. फाइली हलवण्यापूर्वी जुन्या यंत्रावरचा संपूर्ण ‘फाँट्स’ फोल्डर वेगळा जपून ठेवावा. त्यानंतर महत्त्वाच्या प्रत्येक कामाची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढावी, कारण मूळ अक्षरे कशी होती याचा पुरावा पुढे तीच देते.

पुढेही वापरायचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या, सर्व यंत्रांवर चालणाऱ्या पद्धतीत) आणणेच योग्य, आणि त्यासाठी रूपांतरक मिळतात. पण रूपांतरित मजकूर पीडीएफशी ताडून वाचल्याशिवाय स्वीकारू नये. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला ऱ बिघडतो, ‘वाङ्मय’, ‘हृदय’, ‘कर्तृत्व’ असे शब्द मोडतात. मधे आलेला इंग्रजी मजकूरही रूपांतरक मराठी समजून बदलतो, म्हणून तो आधी वेगळा काढावा. संपूर्ण पुस्तक एकदम न देता आधी असे अवघड शब्द असलेले एक पान देऊन पाहावे आणि त्या निकालावरून रूपांतरक निवडावा.

पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. त्याच कामाच्या इनडिझाइन या नव्या प्रोग्रामच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडत असत, नंतरच्या उघडत नाहीत. ज्यांच्याकडे अशी कामे बरीच आहेत, त्यांनी जुन्या यंत्राची डिस्क ‘डिस्क२व्हीएचडी’ या प्रोग्रामने प्रतिमारूपात (एकाच फाइलमधल्या हुबेहूब प्रतीत) घ्यावी आणि नव्या यंत्रावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (यंत्राच्या आत चालणाऱ्या आभासी यंत्रात), इंटरनेट तोडून, चालवावी. जुन्या विंडोजचा परवाना त्याला परवानगी देतो का, हे मात्र तपासावे.

प्रत्यक्ष कॉपी करताना बाह्य डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद असते, तेव्हा हे काम त्या दिवशी काढू नये आणि यूपीएस जोडूनच करावे. दोन प्रती दोन डिस्कवर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर ठेवावी.

नव्या यंत्रावर आधी ड्रायव्हर, मग फाँट, मग प्रोग्राम आणि शेवटी डेटा, असा क्रम ठेवावा. विंडोज ११ मध्ये मंगल आणि कोकिळा हे फाँट आपोआप येत नाहीत, ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ घ्यावे लागतात. मराठीचा कळफलकही भाषेच्या सेटिंगमधून जोडून घ्यावा. त्याच यंत्रावर अपग्रेड केले असेल, तर पूर्वीच्या प्रणालीवर परतण्याची सोय साधारण १० दिवसच राहते, म्हणून छपाई, जीएसटी विवरण, डिजिटल सही, जुनी फाइल उघडणे अशी रोजची सर्व कामे त्या मुदतीतच करून पाहावीत. वेगळे यंत्र घेतले असेल, तर महिनाअखेरचे एक पूर्ण चक्र नव्या यंत्रावर पार पडेपर्यंत जुने यंत्र इंटरनेटला न जोडता जसेच्या तसे ठेवावे आणि त्यानंतरच त्याची डिस्क पुसावी.